मायेव्स्कीची तोटी

सेंट पीटर्सबर्गमध्ये घरं कधीपासून गरम करायची, हे थर्मामीटर ठरवतो. दिवसाचं सरासरी तापमान सलग पाच दिवस आठ अंशांच्या वर गेलं नाही, की शहराच्या मोठ्या बॉयलरांतून घराघरांत गरम पाणी सुटतं. तोवर माणसं घरातही स्वेटर घालून वावरतात. पाणी आलं की खिडकीखालचे बिडाचे रेडिएटर खळखळू लागतात, मधूनच ठोके देतात. एक खोली छान तापते आणि शेजारची तशीच गारठलेली राहते. पाइपात हवा धरलेली असते.

गच्चीवरची टाकी रिकामी होऊन पुन्हा भरली की आपल्याकडचे नळही असेच फुसफुसतात. रेडिएटरमध्ये मात्र हवा आणखी एका वाटेने येते. गार पाण्यात ती विरघळलेली असतेच. पाणी तापलं की सुटी होते. उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी पाइप रिकामे केले असतील तर मग विचारायलाच नको. ही हवा चढत चढत शेवटच्या मजल्यावर जाते, रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात ठाण मांडते आणि पाण्याची वाट अडवते.

रेडिएटरचं जन्मगाव म्हणून याच शहराचं नाव घेतलं जातं. डिसेंबर 1837 मध्ये इथला विंटर पॅलेस आतून जळून गेला. तो पुन्हा बांधताना तळघरातल्या भट्ट्यांमधून गरम हवा वर खोल्यांत सोडण्याची निकोलाय अमोसोव यांची पद्धत वापरली गेली. ऊब मिळाली, पण हवा फार कोरडी होते ही कुरकुर काही थांबली नाही. पाण्याकडे लोक वळले ते त्यानंतर. गरम पाणी नळ्यांतून फिरवण्याची कल्पना तशी जुनी. लंडनमध्ये अँगियर मार्च पर्किन्स यांनी अतितप्त पाण्याच्या बंद नळ्यांचं पेटंट 1831 मध्येच घेतलं होतं. प्रशियात जन्मलेले आणि तरुणपणी पीटर्सबर्गला आलेले फ्रान्त्स सान गाल्ली यांनी 1853 मध्ये इथे कारखाना काढला आणि 1855 च्या सुमारास पाणी खेळवणारा लोखंडी पोकळ ठोकळा तयार केला. रेडिएटरचे जनक म्हणून रशियात त्यांचंच नाव सांगतात. 2005 मध्ये, म्हणजे दीडशे वर्षं झाल्याच्या निमित्ताने, समारा शहरात रेडिएटरचं चक्क स्मारक उभारलं गेलं. त्यावरच्या खिडकीत एक मांजरही आहे, आणि त्याशिवाय स्मारक अपुरंच वाटलं असतं.

त्या काळातल्या इमारतींना आपापला बॉयलर असे. पाइपांना किंचित चढ ठेवत आणि माळ्यावर उघडी टाकी बसवत. हवा आपसूक तिथवर जाई आणि बाहेर पडे. भाडेकरूला त्यात लक्ष घालावं लागत नसे.

25 नोव्हेंबर 1924 रोजी हे चित्र बदलायला लागलं. शहर तेव्हा लेनिनग्राद झालं होतं. तिथल्या तिसऱ्या क्रमांकाच्या वीजकेंद्रातली उष्णता फोन्तान्का नदीकाठच्या 96 क्रमांकाच्या घराला पुरवण्यात आली. वीज तयार करताना वाया जाणारी उष्णता शहराला वाटायची, हा हिशेब पक्का होता आणि पुढे तो देशभर पसरला. इमारतीचं गरम पाणी आता सरकारी झालं, आणि माळ्यावरच्या उघड्या टाकीची सोय गेली.

सरकारी गरम पाणी भिंतीतल्या पाइपात आहे आणि स्वयंपाकघरातल्या नळाला गार पाणी येतंय, अशा घरात काय होईल हे सांगायला नको. हवा काढण्यासाठी रेडिएटरला साधी तोटी बसवली, की लोक तिच्याखाली बादली लावत आणि धुणं उरकून घेत, असं सांगितलं जातं. 1930 च्या दशकात या दुखण्यावर जो उपाय आला, तो आजही मायेव्स्की यांच्या नावाने ओळखला जातो. रेडिएटरच्या वरच्या टोकाला एक पितळी बूच, त्यात निमुळत्या टोकाचा स्क्रू आणि बाजूला जेमतेम दोन मिलिमीटरचं भोक. छोट्या चावीने किंवा स्क्रू ड्रायव्हरने स्क्रू अर्धा-एक फेरा सैल करायचा. आधी सूं आवाज येतो, मग थुंकल्यासारखे थेंब उडतात, शेवटी एकसंध बारीक धार लागते. तेवढ्यात घट्ट करायचं. खाली वाडगं आणि फडकं हवंच, कारण पहिलं पाणी काळंकुट्ट असतं. लोखंडाच्या गंजाची ती शाई भिंतीच्या कागदावर उडाली तर डाग जात नाही. या धारेने बादली भरायची तर माणूस कंटाळून जाईल. हवा सुटावी, पाणी मात्र सुटू नये, इतका बारीक अविश्वास एका बुचात बसवणारा माणूस हुशारच म्हणायचा.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजांनी शहराला घातलेल्या वेढ्यातल्या 1941-42 च्या हिवाळ्यात ही सगळी व्यवस्था बंद पडली. पाइप गोठून फुटले आणि लोक पत्र्याच्या शेगड्यांत फर्निचर आणि पुस्तकं जाळून जगले.

1950 च्या दशकाच्या अखेरीपासून सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांच्या काळातल्या पाच मजली इमारती हजारोंनी उभ्या राहिल्या. त्यांतल्या बऱ्याच इमारतींत पाइप एका खोलीतून थेट वर चढतो, पाचव्या मजल्यावर आडवा जातो आणि दुसऱ्या खोलीतून खाली उतरतो. हवा साठणार ती पाचव्या मजल्यावर, आणि मायेव्स्कीची तोटीही तिथेच. म्हणजे खालच्या चार बिऱ्हाडांची ऊब पाचव्याच्या हातात! तो गावाला गेला आणि घराला कुलूप असलं, की पहिल्या मजल्यावरची आजीबाई प्लंबरला कितीही ओरडली तरी उपयोग नाही. म्हणून ऑक्टोबरच्या आसपास जिन्यात सूचना लागतात: वरच्या मजल्यावरच्यांनी घरी थांबावं. उलट एकदा पाणी नीट फिरू लागलं, की ते कमी करायची सोय जुन्या घरांत नसे. फार उकडलं तर खिडकीची वरची झडप उघडायची. बिल जागेच्या क्षेत्रफळावर येई, तेव्हा झडप उघडी ठेवून पैसे काही वाढत नसत.

आता हवा आपोआप सोडणाऱ्या झडपा मिळतात, पण शहरी पाइपांतल्या गाळाने त्या अडकतात आणि गळू लागतात. त्यामुळे मायेव्स्कीची तोटी हार्डवेअरच्या दुकानांतून हटलेली नाही, आणि नव्या ॲल्युमिनियमच्या रेडिएटरनाही तीच बसवतात. त्यांच्यात साठणारा वायू मात्र नुसती हवा नसतो. धातूची पाण्याशी क्रिया होऊन हायड्रोजनही सुटतो आणि तो पेट घेतो. अंधाऱ्या कोपऱ्यात स्क्रू शोधायला काडी ओढण्याची जुन्या लोकांची सवय तिथे चालत नाही. टॉर्च घ्यावा लागतो.