तरंगती माशी: चार पदांवर भाष्य

दक्षिण इंग्लंडातल्या हॅम्पशायरमध्ये टेस्ट आणि इचन या नद्या खडूच्या खडकातल्या झऱ्यांतून निघतात. तिथे ट्राउट मासा कसा धरावा याचा एक संकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाला. तो तोंडातोंडीच जास्त चालत आला. पुढची चार पदे भाष्याच्या सोयीसाठी मी पाडली आहेत.

मासा आधी दिसावा

खडकातून गाळून आलेले पाणी नितळ, प्रवाह संथ. ट्राउट वर येऊन किडा टिपतो, वलय उठते. त्या एका माशावर नेम धरायचा, पाणी नुसते झोडपायचे नाही. संयमाचे हे पद मला चौघांत सर्वात मोलाचे वाटते. मात्र ते या पाण्यापुरतेच. स्कॉटलंडच्या खळाळत्या ओढ्यावर मासा दिसण्याची वाट पाहणारा संध्याकाळी रिकाम्या हातानेच परतेल.

गळ प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकावा

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो, म्हणून मागून जावे. वाद नाही. स्टुअर्ट या स्कॉटिश गळकऱ्याने 1857 मध्येच हे सांगितले होते, तेही बुडत्या माशीसाठी, म्हणजे पाण्याखाली न्यायच्या, गळावर बांधलेल्या कृत्रिम किड्यासाठी.

माशी तरंगतीच असावी

खरे भांडण इथे. फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी जॉर्ज मॅरियट यांच्या साथीने नदीवरचे किडे अभ्यासले आणि 1886 व 1889 च्या ग्रंथांतून कोरड्या, म्हणजे तरंगत्या, माशीचे शास्त्र उभे केले. पाण्यावर नुकत्याच उमललेल्या किड्याची हुबेहूब नक्कल पिसा-धाग्यांतून बांधावी आणि ती त्याच्यासारखीच तरंगत न्यावी, हा त्यांचा पक्ष.

आक्षेप घेतला जी. ई. एम. स्क्यूज या वकिलाने, 1910 च्या पुस्तकात. धरलेल्या माशाच्या पोटातले अन्न ते हाडातला मगज काढायच्या लांब चमच्याने काढून बशीत तपासत. त्यात पंख न फुटलेल्या अवस्थेतले किडे, म्हणजे निम्फ, भरपूर सापडत. पृष्ठभागाच्या जरा खाली निम्फ टिपणारा मासाही वलय उठवतो. पाहणाऱ्याला वाटते, तो तरंगता किडाच खातोय. मग नक्कल कशाची करायची? जे मासा खातो त्याची. म्हणजे स्क्यूज यांनी हॅलफर्ड यांचे तत्त्व मोडले नाही, ते शेवटपर्यंत नेले. हॅलफर्ड यांच्या भक्तांना नेमके हेच झोंबले असावे.

या भक्तांचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. पाण्याखालची माशी माशाने घेतली कधी हे नीट दिसत नाही. लहान मासेही गळाला लागतात. पण यावर उपाय लहान मासा सोडून देण्याचा आहे, निम्फ हद्दपार करण्याचा नाही.

न पाळणारा खिलाडू नव्हे

हे पद नदीतून आलेले नाही, क्लबातून आले. टेस्टवरचा हाउटन क्लब 1822 चा. मासेमारीचा हक्क मूठभरांच्या हाती असला की त्यांची आवड नीतिनियम व्हायला वेळ लागत नाही. 1938 च्या फेब्रुवारीत लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात निम्फवर रीतसर वादसभा भरली आणि ऐंशीला टेकलेल्या स्क्यूज यांना स्वतःच्या पद्धतीचा बचाव करावा लागला. 1883 पासून इचनवरच्या ज्या ॲबट्स बार्टनच्या पाण्यावर ते गळ टाकत आले, ते त्यांनी त्याच वर्षी सोडले.

पुढे नेदरॲव्हनचे नदीरक्षक फ्रँक सॉयर यांनी निम्फ रेशमी धाग्याऐवजी तांब्याच्या तारेने बांधला. तो वजनाने खोल जाई. स्क्यूज यांचा निम्फ पृष्ठभागालगत राहणारा होता. तेव्हा काल पाखंडी ठरलेली पद्धत आज मर्यादशील दिसू लागली आणि नाके मुरडायला नवे निमित्त मिळाले. खडूच्या नद्यांवर आजही कित्येक ठिकाणी निम्फला परवानगी जुलैपासूनच, मेफ्लाय या किड्याचा बहर सरल्यावर, मिळते. आणि तोही वरच्या अंगालाच टाकायचा, ही अट दुसऱ्या पदातून जशीच्या तशी उचललेली असते.