काकडीचा माळ आणि प्रवरेचे आद्य रहिवासी

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यांतील काकडी हें कोपरगांव तालुक्याचें एक लहानसें गांव. १ ऑक्टोबर २०१७ रोजीं राष्ट्रपति रामनाथ कोविंद यांच्या हस्तें तेथील विमानतळाचें उद्घाटन झालें, आणि शिर्डीच्या यात्रेकरूंचीं विमानें अडीच हजार मीटर लांबीच्या धावपट्टीवर उतरूं लागलीं. उतरणाऱ्यास सभोंवारचा कोरडा माळ पाहून वाटतें कीं, या मुलखाचा इतिहास फार तर मलिक अहमदानें नगर वसविलें तेथपासूनचा असावा. ही समजूत खरी नव्हे.

या माळाच्या दक्षिणेस प्रवरा वाहते. तिच्या कांठच्या दगडगोट्यांच्या थरांत, नेवाशाजवळ, अश्मयुगीन माणसाचीं हत्यारें सांपडलीं आहेत. संगमनेर तालुक्यांतील जोर्वें येथें १९५०-५१ सालीं उत्खनन झालें. त्या लहानशा गांवाचें नांव ताम्रपाषाणयुगांतील एका संपूर्ण संस्कृतीस मिळालें. पुढें १९५४ ते १९५६ या काळांत डॉ. ह. धी. सांकळिया व त्यांचे सहकारी यांनीं नेवासें खणलें. तांबड्या पृष्ठभागावर काळी नक्षी काढलेलीं, चाकावर घडविलेलीं भांडीं ही या लोकांची खूण. मूल दगावलें तर दोन रांजणांचीं तोंडें एकमेकांस भिडवून त्यांत त्यास ठेवीत, आणि घराच्याच जमिनीखालीं पुरीत. लेंकरूं मेल्यावरही घराबाहेर जाऊं नये, ही माया त्यांतून दिसते.

श्रीरामपूर तालुक्यांतील दायमाबाद याहूनही जुनें. तेथें १९७४ सालीं एक भिल्ल शेतकरी झाडाचें मूळ खणीत असतां त्याच्या हातास धातूचे चार भरींव पुतळे लागले: हत्ती, गेंडा, रेडा, आणि दोन बैल जोडलेला रथ, रथांत उभा एक पुरुष. एकूण वजन साठ किलोंहून अधिक. हे पुतळे उत्तर-हडप्पाकालीन असावेत, असें पुष्कळ विद्वानांचें मत आहे. धातूंतील सोमलाच्या अंशावरून कांहींनीं शंकाही घेतली. ख्रिस्तपूर्व १००० च्या सुमारास हें गांव ओस पडलें. पाऊस हटला, शेती पिकेना, हें त्याचें कारण सांगतात.

त्या पुरातन लोकांशीं आजच्या भिल्लांचें, ठाकरांचें वा महादेव कोळ्यांचें नातें जोडण्याची घाई करूं नये. परंतु एक गोष्ट विसरण्याजोगी नाहीं. ज्यांची गणना इतिहासांत सहसा दरोडेखोरांत वा बंडखोरांत झाली, त्यांच्यापैकींच एकाच्या कुदळीनें या जिल्ह्याची सर्वांत मोलाची ठेव वर आणली. याच जिल्ह्यांतील अकोले भागांतील महादेव कोळ्यांचे पुढारी राघोजी भांगरे यांस १८४८ सालीं ठाण्याच्या तुरुंगांत फांशी देण्यांत आलें. सरकारच्या लेखीं तेही बंडखोरच होते.

प्रवरेचें पाणी आटलें तेव्हां दायमाबादकरांस गांव सोडावा लागला. त्याच प्रवरेवर भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें, आणि खालच्या पट्ट्यांत ऊंस उभा राहिला. राज्यें आलीं व गेलीं. या भूमीवर माणूस टिकावा कीं जावा, हें मात्र पाण्यानेंच ठरविलें. काकडीच्या धावपट्टीवर उतरणाऱ्या यात्रेकरूनें दर्शनानंतर दोन घटका प्रवरेच्या कांठीं घालविल्या, तर आपल्या आधीं येथें कोण राहून गेलें, हें त्यास उमगेल.