पाहुणा मासा

यंदा मेरीलँडला नातवाने मला पोटोमॅक नदीवर गळ टाकायला नेलं. स्मॉलमाउथ बासला क्रेफिश फार आवडतो, म्हणजे शेवंडाचा गोड्या पाण्यातला छोटा भाऊच. म्हणून तपकिरी रबरी आमिष तळाच्या दगडांवरून हळूहळू सरकवायचं.

मी म्हटलं, "अरे, हा मासा मुळात इथला नव्हेच!" १८५४ साली ओहायो खोऱ्यातले सुमारे ३० बास रेल्वे इंजिनाच्या पाण्याच्या टाकीतून डोंगर ओलांडून कंबरलंडला आणले आणि कालव्यात सोडले. तिथून ते नदीत पसरले.

"म्हणजे आपल्यासारखेच, आजोबा!"

तो हसला. मला मात्र त्या नदीतले आधीचे मासे आठवत राहिले. मंडळी, इतिहासाच्या मास्तराची खोड, दुसरं काय!