उणे अठरा आणि बुटीबोरीचा मे महिना

माझा भाचा बुटीबोरीच्या एमआयडीसीत नोकरी करतो आणि पगारातला बराचसा भाग एका जुन्या ऑक्टाव्हिया आरएसवर उडवतो. (ताई हे वाचणार आहे, त्यामुळे आकडा सांगत नाही.) ही गाडी २००४ साली भारतात आली. औरंगाबादजवळ, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, शेंद्र्याच्या कारखान्यात तिची जुळणी होई. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, दीडशे अश्वशक्ती. त्या काळात वर्धा रोडवर अशी गाडी शेजारून गेली की माणसं मान वळवून बघत.

तर त्या गाडीची बॅटरी गेली आणि भाच्याने विचारलं, "मामा, सगळ्यात जास्त सीसीएवाली कोणती घेऊ? फास्ट गाडी आहे, तिला दमदार बॅटरी पाहिजे ना!"

प्रश्न सरळ वाटतो, पण त्यातला 'सीसीए' हा शब्द कुठून आला ते पाहायला लागलो आणि एका संध्याकाळचं काम चार दिवस पुरलं.

सीसीए म्हणजे कोल्ड क्रँकिंग अँपिअर. बॅटरी उणे १८ अंश सेल्सिअसला थंड करायची, मग तिच्यातून सलग ३० सेकंद करंट ओढायचा. तेवढ्या वेळात १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब ७.२ व्होल्टच्या खाली न जाता जास्तीत जास्त जितका करंट देता आला, तो तिचा सीसीए. अमेरिकन पद्धत ही. उणे १८ का? कारण तेच शून्य अंश फॅरनहाइट. आपल्या घरातल्या डीप फ्रीजरमध्ये साधारण हेच तापमान असतं.

आता नागपूरकडे बघा. २९ डिसेंबर २०१८ ला तिथे पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला तर वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर छापलं. आणि २३ मे २०१३ ला तो ४७.९ वर गेला होता. म्हणजे ज्या परीक्षेचे मार्क बघून भाचा बॅटरी निवडणार, ती परीक्षा त्याच्या गाडीला आयुष्यात कधी द्यावीच लागणार नाही. मग हा आकडा इथल्या दुकानातल्या लेबलावर आला कसा?

सुरुवातीला बॅटरीला थंडीचं काही पडलेलं नव्हतं. फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ साली शिशाचे पत्रे गंधकाम्लात बुडवून पुन्हा पुन्हा चार्ज होणारी पहिली बॅटरी केली. १८८१ मध्ये कामी फोर यांनी पत्र्यावर शिशाच्या संयुगाचा लेप थापायची युक्ती काढली. आणि गंमत अशी, की ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडणारी पहिली मोटार पेट्रोलची नव्हतीच. २९ एप्रिल १८९९ ला पॅरिसजवळ कामिय जनात्झी या बेल्जियन गृहस्थांनी टॉर्पेडोसारख्या आकाराची बॅटरीवर चालणारी गाडी १०५.८८ किलोमीटरच्या वेगाने पळवली. वेगवान गाडीसाठी बॅटरी निवडणारा पहिला माणूस म्हणायचा तर तोच. तिथे गाडी पळवायचं कामच बॅटरीचं होतं!

पुढे पेट्रोलने बाजी मारली आणि बॅटरी दिवे लावण्यापुरती उरली. तिला पुन्हा मान मिळवून दिला चार्ल्स केटरिंग यांनी. त्यांचा इलेक्ट्रिक स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकवर बसला आणि पुढून हँडल मारायची कटकट संपली. आपल्याकडे मात्र ती बरीच वर्षं उरली. ज्यांनी ॲम्बेसेडर किंवा जीपला थंडीच्या सकाळी हँडल मारलंय त्यांना मनगटाला बसणारा तो उलटा झटका अजून आठवत असेल.

तरीही बॅटरी बराच काळ सहाच व्होल्टची होती. १९५० च्या दशकात अमेरिकेत मोठ्या, जास्त कॉम्प्रेशनच्या व्ही-८ इंजिनांची चढाओढ लागली. असं इंजिन फिरवायला सहा व्होल्ट अपुरे पडू लागले आणि डेट्रॉइटच्या कंपन्या बारावर गेल्या. म्हणजे आपल्या मारुतीत, टेम्पोत, सगळीकडे असलेले ते १२ व्होल्ट मुळात वेगाच्या हौसेपोटी आले. आणि डेट्रॉइटच्या जानेवारीत इंजिन ऑइल पाकासारखं घट्ट होतं, बॅटरीतली रासायनिक क्रियाही मंदावते. तिथल्या गिऱ्हाइकाचा प्रश्न एकच, सकाळी गाडी लागेल का? सीसीए हे त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

इथपर्यंत ठीक. गोम पुढे आहे. सीसीए वाढवायचा कसा? त्याच डब्यात जास्त प्लेटा बसवायच्या, म्हणजे ॲसिडला भिडणारा पृष्ठभाग वाढतो. पण डबा तेवढाच, म्हणून प्लेटा पातळ कराव्या लागतात. आणि उष्णतेत काय होतं? धन प्लेटेची जाळी गंजत जाते, पाणी उडतं. पातळ जाळी आधी संपते. ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य निम्म्यावर येतं. बाहेर ४५ असताना टर्बो इंजिनाच्या बॉनेटखाली काय होत असेल याचा अंदाज करा. गाडी बंद केल्यावर तर आणखी, कारण वारा थांबतो आणि तापलेलं इंजिन आपली उष्णता शेजाऱ्याला देत बसतं.

म्हणजे कारागिरी तीच असेल तर थंडीतले जास्तीचे मार्क उन्हातल्या आयुष्यातून वजा होतात. ही गोष्ट बॅटरीवाल्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. उष्ण देशांत पाठवायच्या बॅटऱ्यांत ॲसिडच पातळ भरत. थंड देशात १.२८० च्या आसपासचं विशिष्ट गुरुत्व, तर इकडे १.२४० किंवा त्याहूनही कमी. जोर थोडा कमी, पण प्लेटा टिकतात. अमेरिकेत सिअर्सने १९६७ साली आणलेल्या 'डायहार्ड' बॅटरीच्या पुढे उत्तरेसाठी वेगळी आणि दक्षिणेसाठी वेगळी अशा आवृत्त्या विकल्या गेल्या. मिशिगन आणि ॲरिझोनाची गरज एक नाही हे त्यांनी डब्यावरच छापलं.

'पाणी घालायची गरज नाही'वाल्या बॅटऱ्यांची कथाही अशीच आडवळणाची. शिशात कॅल्शियम मिसळलं की पाणी कमी उडतं हे बेल लॅबोरेटरीजच्या हेरिंग आणि थॉमस यांनी १९३५ साली दाखवलं, तेही मोटारींसाठी नाही, टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांसाठी. मोटारीत ते रुळायला १९७० चं दशक उजाडलं. १९९० च्या दशकात गाड्यांची नाकं वाऱ्यासाठी निमुळती झाली, बॉनेटखाली हवा खेळेना, तेव्हा जाळीत किंचित चांदीही मिसळू लागले. आपल्याकडे एक्साइडचा चिंचवडचा कारखाना १९६९ चा, आणि २००० साली आंध्रातून हिरवी ॲमरॉन आली. तिने तर लेबलावरच उष्णतेला तोंड देण्याची जाहिरात केली. मला वाटतं, इथल्या बाजारात उन्हाचं नाव घेऊन बॅटरी विकणं एवढं ठळकपणे त्यानंतरच सुरू झालं.

शर्यतीच्या हौसेतून उन्हाचा फायदा झाल्याचंही उदाहरण आहे. माझदाने १९८९ मध्ये आणलेल्या छोट्या दोन सीटांच्या एमएक्स-५ मध्ये बॅटरी डिकीत ठेवली, सीलबंद एजीएम प्रकारची. बीएमडब्ल्यूही कित्येक गाड्यांत डिकीतच ठेवते. हेतू पुढच्या-मागच्या चाकांवर वजन सारखं वाटण्याचा, पण बॅटरी इंजिनाच्या धगीपासून सुटली. उलट पोर्शने २०१० पासून काही मॉडेलांना सहा किलोंच्या आतली लिथियम बॅटरी देऊ केली. नेहमीचीपेक्षा दहा किलो हलकी, किंमत जर्मनीत १९०४ युरो. आणि कडक थंडीसाठी सोबत साधी शिशाची बॅटरीही द्यायचे! इतक्या पैशात इकडे एक सेकंडहँड मारुती येते, असो.

भाच्याला बुटीबोरीतल्या बॅटरीवाल्याने हे सगळं एका वाक्यात सांगितलं होतं म्हणे: "भाऊ, इकडं बॅटरी थंडीनं नाई मरत, उन्हानं मरते. फक्त समजते डिसेंबरात." अगदी खरं आहे. मे-जूनमध्ये प्लेटा खलास होतात, पण गरम इंजिन सहज फिरतं म्हणून कळत नाही. पहिल्या गारठ्यात ऑइल घट्ट झालं की गाडी खर्रर करते आणि दोष थंडीला लागतो.

तर भाच्यासाठी: कंपनीने सांगितलेल्या अँपिअर-अवरची, डीआयएन मापाचीच घे. तुझ्या गाडीचा ट्रे युरोपियन आहे, बॅटरी तळाशी पकडली जाते. जुन्या मारुतीसारख्या जपानी मापाची बॅटरी तिथे नीट आवळली जात नाही, आणि हलणारी बॅटरी लवकर मरते. जवळपास सारख्या दोन बॅटऱ्यांत शंभर अँपिअर जास्त दिसले म्हणून भुलू नकोस. लेबलावर डीआयएनचा आकडा असला तर तीच बॅटरी एसएई पद्धतीत साधारण पावणेदोनपट 'दमदार' दिसते. डब्यावरचा उत्पादनाचा महिना बघ, दुकानात पूर्ण उन्हाळा पडून राहिलेला माल नको. एजीएमवर जास्त पैसे घालू नकोस. तुझ्या गाडीत सिग्नलला इंजिन आपोआप बंद व्हायची भानगड नाही, आणि बॉनेटखालच्या धगीत तिचंही आयुष्य घटतंच, वर पाणी घालून वाचवता येत नाही. जुन्या बॅटरीभोवती जाड कापडाचं जाकीट असेल तर ते मेकॅनिकला फेकू देऊ नकोस, नव्या बॅटरीला चढव. आणि इंजिन चालू असताना चार्जिंगचा दाब मोजून घे. साडेचौदाच्या वर जात असेल तर आधी आल्टरनेटर दाखव, नाहीतर नवीही उकळेल.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नकोस. तिच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसं असतं, आणि ते गल्लीत वितळवलं की धूर तिथल्या पोरांच्या रक्तात जातो. २००१ च्या नियमांनी विक्रेत्याला जुनी परत घेऊन किमतीत सूट द्यायला सांगितलं. २०२२ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले आणि जबाबदारी मुख्यतः उत्पादकावर टाकली. दुकानदार जुनी घेऊन पैसे वळते करतोच. बिलावर ती रक्कम वेगळी लिहून घे.