फळीवरची आगगाडी

ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात भोजनाच्या मेजावर एक चांदीची आगगाडी आहे. महाराज माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत, विसाव्या शतकाच्या प्रारंभी, ती त्या मेजावर आली. इंजिनामागे सात वाघिणी, प्रत्येकीवर घराण्याच्या नावाचे एकेक इंग्रजी अक्षर, आणि वाघिणींत मद्याच्या सुरया व चिरूट, असा तिचा थाट. विजेच्या बळावर ती पाहुण्यांपुढून फिरे. कोणी सुरई उचलली की आपोआप थांबे, सुरई जागेवर ठेवली की पुन्हा चालू लागे. राजेलोकांचा विलास म्हणून तिची वर्णने पुष्कळ झाली आहेत, आणि विलास तो होताच. परंतु तुटपुंज्या जागेत आगगाडी कशी मांडावी या प्रश्नाचा इतिहास पाहू जाता या चांदीच्या गाडीला निराळेच महत्त्व येते. मेजाच्या पृष्ठभागापलीकडे तिला जग नव्हते; तरीही ती निरर्थक फिरत नसे. तिला काम होते.

माधवरावांना आगगाडीचा नाद दोन मापांत होता. राजवाड्याबाहेर त्यांच्या संस्थानात दोन फुटी रुळांची खरीखुरी रेल्वे धावत होती. शिवपुरी, भिंड व श्योपूरकडे तिचे फाटे गेले होते आणि श्योपूरचा फाटा सुमारे दोनशे किलोमीटरांचा होता. ती गाडी २०२० साली बंद झाली, मेजावरची मात्र शाबूत आहे. संस्थानिकाची गोष्ट सामान्य गृहस्थाच्या काय कामाची, असे कोणी म्हणेल. पण अरुंद रुळांची ही बाब पुढे फार उपयोगी पडणार आहे.

लहान आगगाडीचा धंदा व्यवस्थित सुरू झाला तो जर्मनीत. गपिंगेन गावच्या मेर्क्लिन कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत किल्लीची गाडी आणि तिच्याबरोबर जोडत जाता येतील असे रुळांचे तुकडे मांडले. त्यापूर्वी खेळण्यातली गाडी ही एक वस्तू होती. यानंतर ती एक पद्धत झाली. रुळांतील अंतरांना ठराविक क्रमांक मिळाले. त्यांतले सर्वांत लहान, ३२ मिलिमीटरांचे, 'शून्य' या नावाने ओळखले जाऊ लागले. शून्याच्या खाली काही असेल असे त्या वेळी कोणास वाटले नसावे. तथापि शून्य मापाच्या गाडीलाही ऐसपैस खोली लागे, आणि पहिल्या महायुद्धानंतर युरोपातल्या शहरांत ऐसपैस खोल्या दुर्मीळ झाल्या होत्या. १९२२ साली न्यूरेंबर्गच्या बिंग कारखान्याची 'मेजावरची रेल्वे' इंग्लंडात विकावयास आली. तिच्या रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर, म्हणजे शून्याचे सुमारे निम्मे होते. याच अर्ध्या शून्यापासून एकास सत्त्याऐंशी हे प्रमाण निघाले आणि ते पुढे जगभर रूढ झाले. खऱ्या गाडीचे सत्त्याऐंशी फूट म्हणजे प्रतिकृतीचा एक फूट, असा त्याचा सरळ अर्थ.

त्यानंतरचा इतिहास घसरणीचा आहे, अर्थात आकाराच्या. १९६० नंतरच्या काही वर्षांत ९ मिलिमीटरांचे रूळ आले, प्रमाण एकास एकशे साठ. १९७२ साली मेर्क्लिननेच साडेसहा मिलिमीटरांवर, एकास दोनशे वीसवर मजल नेली. या शतकात जपानी कारागिरांनी ३ मिलिमीटरांचे रूळ काढले. त्या प्रमाणात उभा माणूस तांदळाच्या दाण्याहूनही ठेंगणा असतो. घर लहान म्हणून गाडी लहान, असा हा साधा न्याय होता.

हा न्याय कोठवर पुरतो हे पाहण्यास सुरतेजवळची बमरोली ही जागा योग्य होय. उधना, पांडेसरा व बमरोली हा यंत्रमागांचा पट्टा आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार या भागांतून पोटापाण्यासाठी आलेली मराठी आणि अहिराणी बोलणारी कुटुंबे या परिसरात मोठ्या संख्येने राहतात. ती ज्या मार्गाने आली तो तापी खोऱ्याचा लोहमार्ग उधना येथे मुंबईच्या मुख्य मार्गाला मिळतो. १९०० च्या सुमारास तो जळगावपर्यंत पुरा झाला. त्याची लांबी सुमारे तीनशे सहा किलोमीटर. या वस्तीतल्या एखाद्या मुलाने आपल्या ओळखीची गाडी घरात मांडावयाची ठरविली तर ती हीच असणार: उधन्याहून सुटणारी, नंदुरबार, अमळनेर, धरणगाव घेत जळगावला पोहोचणारी, आजीच्या गावाची गाडी.

आता हिशेब मांडावा. एकास सत्त्याऐंशी या प्रमाणात जळगाव उधन्यापासून साडेतीन किलोमीटरांवर येते. ते सोडून देऊ. कोणीही सबंध मार्ग मांडीत नाही. परंतु नुसती गाडी घेतली तरी काय होते? जुन्या पद्धतीचा प्रवासी डबा सव्वाबावीस मीटरांहून किंचित लांब असतो. चोवीस डब्यांची गाडी पाचशे पस्तीस मीटर भरते. प्रतिकृतीत ती सहा मीटरांवर जाते. दहा फुटी खोली तीन मीटरांची. म्हणजे गाडीचे अर्धे अंग शेजाऱ्याच्या घरात. एकास एकशे साठ घेतले तरी गाडी तीन मीटर चौतीस सेंटिमीटर लांब होते, आणि दारातून तिचा शेवटचा डबा बाहेर राहतोच. वळणाची अडचण तर याहून कठीण. आपल्या ब्रॉडगेजवर दहा अंशांपेक्षा तीव्र वळणास मुभा नाही. त्याची त्रिज्या एकशे पंचाहत्तर मीटर. सत्त्याऐंशीने भागल्यावर ती दोन मीटर येते, आणि वर्तुळ पुरे करावयाचे तर चार मीटरांची खोली हवी. बाजारात मिळणारे वळणाचे रूळ याच्या चौथाई त्रिज्येचे असतात. त्यांवर लांब डबे फिरतात खरे, पण फिरताना त्यांचे कोपरे रुळांबाहेर लोंबतात आणि डोळ्यांना ते सलते.

यात आणखी एक मेख आहे. १६.५ मिलिमीटर हे अंतर युरोप-अमेरिकेच्या चार फूट साडेआठ इंची रुळांचे आहे. आपले ब्रॉडगेज साडेपाच फुटांचे, म्हणजे १६७६ मिलिमीटरांचे. त्याची प्रतिकृती सव्वाएकोणीस मिलिमीटर व्हावयास हवी. भारतीय गाडी परक्या रुळांवर चढविली की ती पावणेतीन मिलिमीटरांनी आखूड पायांवर उभी राहते. पुष्कळजण याकडे कानाडोळा करतात, आणि त्यांस दोष देण्याचे कारण नाही. तरी ज्याला आपल्याच गावची गाडी हवी आहे त्याच्या मनात ही तडजोड घर करून राहते.

तेव्हा मोठ्या रेल्वेचे माप आणखी उतरवीत बसण्यापेक्षा मुळातच लहान असलेली रेल्वे निवडणे शहाणपणाचे. आणि लहान रेल्वेच्या बाबतीत गुजरातेची ही बाजू कमालीची संपन्न आहे. १८६२ साली खंडेराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानात डभोई ते मियागाम हा बत्तीस किलोमीटरांचा अडीच फुटी रुळांचा मार्ग सुरू झाला. देशातला अरुंद रुळांचा हा पहिला मार्ग. रूळ इतके हलके की त्यांना इंजिनाचा भार पेलवेना. म्हणून डबे बैल ओढीत. पुढे जड रूळ घातले तेव्हा कोठे इंजिन कायमचे आले. पैसा थोडा, माल थोडा, म्हणून रूळ अरुंद आणि वळणे तीव्र. मोठ्या रेल्वेचा आव न आणता दरबाराने गरजेपुरती रेल्वे बांधली. महाराष्ट्रात एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी १८९७ साली सुरू केलेली बार्शी लाइट रेल्वे याच मापाची. पंढरीच्या वारकऱ्यांनी भरलेले तिचे डबे जुन्या पिढीला आठवतात. तो मार्ग २०११ पर्यंत सारा ब्रॉडगेज झाला. सुरतेच्या दक्षिणेस बिलिमोऱ्याहून डांगांतल्या वघईला जाणारा त्रेसष्ट किलोमीटरांचा मार्गही गायकवाडांचाच. डांगांतले सागवान खाली आणणे हे त्याचे काम. २०२० साली थांबलेली ही गाडी २०२१ च्या सप्टेंबरात पुन्हा निघाली.

या मार्गाचा हिशेब करून पाहिला म्हणजे गंमत ध्यानात येते. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. सत्त्याऐंशीने भागता पावणेनऊ मिलिमीटर येतात. ९ मिलिमीटरांचे रूळ तर बाजारात तयार आहेत! ते लहान प्रमाणाच्या गाड्यांसाठी निघाले, पण १९६० नंतरच्या दशकात इंग्रज हौशी लोकांनी त्यांवर अरुंद रेल्वेच्या प्रतिकृती चालविण्याची युक्ती काढली: खाली तयार यंत्र, वर आपल्या हाताने केलेला पुठ्ठ्याचा किंवा पत्र्याचा सांगाडा. आपल्या अरुंद मार्गांवर चाळीस अंशांच्या वळणाची परवानगी आहे, त्रिज्या चव्वेचाळीस मीटर. प्रतिकृतीत ती बरोबर अर्धा मीटर येते. जे वळण ब्रॉडगेजला चार मीटरांत मावत नव्हते ते येथे मीटरभर रुंदीच्या पाटात, एक सेंटिमीटरही न चोरता मावते. गाडीही चार-पाच डब्यांचीच. तीत कापाकापी करावी लागत नाही.

परंतु बमरोलीच्या खोलीत मीटरभर रुंद पाट तरी कोठे ठेवावा? रात्री त्याच जमिनीवर अंथरुणे पडतात. भिंतीवरची फूटभर रुंद फळी एवढीच जागा हक्काची, आणि तीवर कोणतीच गाडी वळू शकत नाही. येथे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इंग्लंडचा अनुभव उपयोगी पडतो. तेथे घरे अपुरी होती आणि छंद मोठे. सिरिल फ्रीझर यांनी १९५७ साली 'मायनरीज' नावाचा एक आराखडा प्रसिद्ध केला. त्यात शहरातले एक गजबजलेले अंतिम स्थानक सुमारे सात फुटांत बसविले होते, आणि फळी मधून दुमडून ठेवता येई. गाड्या एका आडोशामागे जात. पाहणाऱ्याला त्या परगावी गेल्या असे वाटे. आडोशामागे खरोखर असे ते हाताने डबे उचलून ठेवण्याचे कपाट.

अॅलन राइट यांची 'इंगलनुक' ही मांडणी त्याहून आटोपशीर. दोन सांधे आणि तीन बाजूरूळ, इतकाच तिचा संसार. एका रुळावर पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंवर तीन-तीन. इंजिनाला मागे हटण्यास तीन वाघिणींपुरती जागा. आठ वाघिणींतून चिठ्ठ्या टाकून पाच काढावयाच्या आणि चिठ्ठीच्याच क्रमाने गाडी लावावयाची. ऐकण्यास पोरखेळ वाटतो. पण पाच वाघिणींच्या अशा निराळ्या गाड्या सहा हजार सातशे वीस होऊ शकतात, आणि हटण्याची जागा मुद्दाम तोकडी असल्याने एक वाघीण बाहेर काढावयास दुसऱ्या दोघींना आधी कोठेतरी उभे करावे लागते. खऱ्या यार्डातला शंटर दिवसभर हेच करीत असतो. जागा कमी असणे हेच येथे कोड्याचे मर्म झाले आहे. फळी लांब केली तर खेळ सोपा होऊन बिघडतो.

याच्या अगदी उलट टोकाला पुण्याचे उदाहरण आहे. कोथरूड येथे भाऊसाहेब जोशी यांनी जमविलेल्या लघुरेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुले झाले. सबंध नगरच तेथे मांडलेले आहे. उड्डाणपूल, सिग्नल, दिवसाचा उजेड आणि रात्रीचे दिवे, आणि एकाच वेळी निरनिराळ्या मार्गांवर धावणाऱ्या गाड्या. एका माणसाच्या चिकाटीने उभे राहिलेले हे काम कौतुकास्पद आहे, आणि प्रेक्षकाला खिळवून ठेवणारे. तेथून परतलेले मूल घरी तसेच नगर मागते, आणि वडिलांना ते परवडण्यासारखे नसते. हौसेचा शेवट बहुधा या ठिकाणी होतो. त्या मुलाला ग्वाल्हेरचे मेज दाखवावयास हवे: एकच गाडी, आणि तिला सोपविलेले एक काम.

अरुंद रुळांच्या चारचाकी वाघिणीची प्रतिकृती पाच-सहा सेंटिमीटरांची होते. इंगलनुकची सारी मांडणी त्या मापात तीन फुटी फळीवर बसते. बमरोलीच्या भिंतीवर अशी फळी लागली तर तीवर वघईचे यार्ड उभे करता येईल. एका टोकाला आडोसा म्हणून डांगांतली सागाची झाडी, दुसऱ्या टोकाला लाकडाचा धक्का, आणि मधे आठ वाघिणी. ओंडके म्हणून काडेपेटीतल्या काड्या चालणार नाहीत, त्या फार सरळ असतात. अंगणातल्या तुळशीच्या वाळक्या काटक्या बऱ्या.