पट्ट्यांवरचे गाणे आणि भैया गणपतराव

ग्वाल्हेरचे संगीत म्हटले की आपण हस्सू खाँ-हद्दू खाँ, शंकर पंडित, कृष्णराव पंडित अशी नावे अभिमानाने घेतो. दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून लष्कर नगरी उभी राहिली, तिच्यातील दौलतगंजासारख्या वस्त्यांत मराठी घरे रुजली आणि ख्यालाचा वारसा त्यांनी आपला मानला. या नामावळीत भैया गणपतराव मात्र क्वचितच येतात. असे का व्हावे, याचा विचार आम्हांस अगत्याचा वाटतो.

गणपतरावांच्या वाद्याचा उगम पॅरिसमधला. तेथे १८४० साली दबँ याने हार्मोनियमचे पेटंट घेतले. त्या काळी ते शहर पियानोच्या वैभवाचे केंद्र होते. शोपँ (१८१०-१८४९) आणि लिस्ट (१८११-१८८६) यांच्यासारखे कलावंत स्वतः रचना करीत आणि स्वतःच वाजवीत. पियानोची अडचण अशी की हातोडीने तारेवर आघात होताच स्वर विरू लागतो आणि दोन पट्ट्यांमधला स्वर तर हाती लागतच नाही. तरीही त्यांचा ध्यास होता तो गळ्याचा. शोपँ शिष्यांना मोठे गायक ऐकण्यास सांगे. लिस्टने शूबर्टची गीते पियानोवर उतरवली. शोपँला भव्य सभागृहापेक्षा निवडक रसिकांची बैठक प्रिय होती.

जयाजीराव शिंदे आणि गायिका चंद्रभागाबाई यांचे पुत्र गणपतराव यांनी हाच ध्यास पेटीवर धरला. भात्यामुळे पेटीचा स्वर टिकतो, पण मींड तिच्यातही नाही. ठुमरीचा तर प्राणच मींडेत आणि बोल फुलवण्यात! गणपतरावांनी ही ठुमरी पेटीवर बोलती केली. ‘सुघरपिया’ या नावाने त्यांनी ठुमऱ्याही रचल्या. रचनाकार आणि वादक एकाच व्यक्तीत नांदण्याचे असे उदाहरण आपल्याच नगरीत होते. मौजुद्दीन खाँ आणि गौहरजान यांच्यासारख्या कलावंतांवर त्यांचा ठसा उमटला. १९२० साली ते निवर्तले.

मग विस्मरण का? आमच्या मते कारणे तीन. ठुमरीला कोठ्याची ठरवून सभ्य घरांनी दूर ठेवले. आईच्या पेशामुळे मुलाच्या विद्येकडे पाहण्याची दृष्टीही निर्मळ राहिली नाही. आणि वाद्य ठरले परके: मींड-श्रुती त्यातून निघत नाहीत, या आक्षेपावरून १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली, ती १९७१ साली सैल झाली. आक्षेप शास्त्रदृष्ट्या खरा होता. परंतु पियानोतही तीच उणीव असताना युरोपने त्या उणिवेशी झुंजणाऱ्यांना मोठे मानले, हे विसरता येत नाही.

ख्यालाची परंपरा आपण निष्ठेने जपली, याचा आम्हांस आनंदच आहे. मात्र गणपतरावांना लखनौ, बनारस, कलकत्त्याच्या हवाली करून आपण मोकळे झालो. आपल्या वाड्यांतील जुन्या वह्यांत ‘सुघरपिया’च्या ठुमऱ्या आढळल्या, तर त्या उतरवून ठेवाव्यात आणि जाणत्यांकडून तपासून घ्याव्यात, एवढीच वाचकांस विनंती.