सराव हाच गुरू

कोणतीही कला साध्य करण्याचे दोन मार्ग मानले जातात. एक ग्रंथाचा आणि शिक्षकाचा. दुसरा निव्वळ सवयीचा. पहिल्यास आपण सुशिक्षित लोक मोठा मान देतो, आणि दुसऱ्याने जो शिकला त्यास 'उपजत बुद्धीचा' म्हणून मोकळे होतो. परंतु क्रीडेच्या इतिहासात या दुसऱ्या मार्गाची दोन उदाहरणे अशी आहेत की, त्यांचा विचार केल्यास हा समज टिकत नाही.

गोल्फचेच पाहा. हा साहेबी खेळ कलकत्त्यास १८२९ साली व मुंबईस १८४२ साली आला. मनगट कसे वळवावे, खांदा किती फिरवावा, यावर इंग्रजीत ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले. मात्र खेळाडूच्या काठ्यांची पिशवी वाहणाऱ्या पोऱ्यांना, म्हणजे कॅडींना, ते ग्रंथ कोण देणार? दक्षिण आफ्रिकेतील दरबान शहरी भारतीय वंशाचा सेवसंकर ऊर्फ पापवा सेवगोलम हा असाच एक कॅडी होता. शास्त्राप्रमाणे उजवा खेळाडू डावा हात वर व उजवा खाली धरतो. याची पकड नेमकी उलटी. ती चूक आहे असे सांगणारा कोणी भेटला नाही, आणि त्याच पकडीने त्याने १९५९ साली हॉलंडची खुली स्पर्धा जिंकली.

आपल्या महाराष्ट्रात याचे जवळचे उदाहरण क्रिकेटमध्ये सापडते. पळवणकर बाळू यांचा जन्म १८७६ च्या सुमारास धारवाड येथे चर्मकार कुटुंबात झाला. पुण्यात पारशी खेळाडूंच्या मैदानावर झाडलोट करणे व खेळपट्टीवर रूळ फिरविणे हे त्यांचे पहिले काम. वेतन दरमहा ३ रुपये. पुढे १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात ४ रुपयांवर लागले. तेथे त्यांना सरावासाठी गोलंदाजी करण्याची परवानगी मिळाली. जे. जी. ग्रेग हा नामांकित फलंदाज सकाळी इतरांच्या आधी येई, आणि बाळू त्यास तासन्‌तास चेंडू टाकीत. ग्रेगला बाद केले की आठ आणे मिळत, अशी आख्यायिका आहे. एकाच कुशल फलंदाजास रोज तोंड देणाऱ्यास वेगळा शिक्षक कशाला हवा? कोणता चेंडू फसला, कोणता साधला, याचा निकाल तेथल्या तेथे लागतो. या शाळेतून डावखुऱ्या संथ फिरकीची जी विद्या बाहेर पडली, तिने १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले.

येथे एक गोष्ट मात्र नजरेआड होता कामा नये. त्या क्लबात बाळूंच्या हाती फलंदाजीसाठी बॅट कधीच दिली गेली नाही. चेंडू टाकणे हे कष्टाचे, म्हणून नोकराचे काम. फलंदाजी हा साहेबांचा मान! सवय हा गुरू खरा, परंतु कोणत्या गोष्टीची सवय करू द्यावयाची, हे ठरविणारे दुसरेच असतात.

आणि विद्या आली तरी दार उघडतेच असे नाही. पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतले, पण मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू घेणारे सहकारी चहाच्या वेळी आत बसत, आणि बाळूंना तो बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना अखेरपर्यंत मिळाले नाही; १९२३ साली ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना लाभले. सेवगोलमची कथा निराळी नाही. १९६३ साली त्याने नाताळची खुली स्पर्धा जिंकली. पण वर्णभेदामुळे क्लबाच्या इमारतीत त्यास प्रवेश नव्हता, म्हणून पारितोषिक बाहेर, पावसात स्वीकारावे लागले.

बुलढाणा जिल्ह्यात पऱ्हाट्या उपटल्यावर मोकळ्या झालेल्या शेतांत मुले आजही चेंडूफळी खेळतात. त्यांच्याजवळ शिक्षक नाही, ग्रंथ नाही. तेवढ्यावरून त्यांची कीव करण्याचे कारण नाही. सराव त्यांना पुष्कळ शिकवील. त्यांतील कोणाच्या हाती आपण केवळ चेंडू देतो आणि कोणाच्या हाती बॅट, आणि खेळ संपल्यावर चहाला कोणास आत बोलावितो, याची झडती मात्र आपली आपणच घ्यावयाची आहे.